दुसरी बेल

नानांना काहीही सांगा, ते आधी मधल्या बोटानं बाकावर नाहीतर स्वतःच्या गुडघ्यावर एकच टिचकी मारत आणि म्हणत, "ही एक बेल झाली." मग आपल्या तोंडाकडे बघत बसत. आपण गोंधळून जायचो. कोणी पाहिलं, तू स्वतः तिथं होतास का, की कुणी सांगितलं म्हणून सांगायलास, असं काही ते विचारत नसत. नुसते बघत बसत. तीच गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कानावर आली की दुसरी टिचकी पडे, आणि मगच नानांच्या लेखी ती खरी ठरे.

नाना एसटीत कंडक्टर होते. परभणी, ताडकळस, पूर्णा या रस्त्यांवर त्यांची नोकरी गेली. एका बेलवर गाडी थांबते आणि दोन बेलवर निघते, हा नियम त्यांनी इतकी वर्षं हातानं पाळला होता की निवृत्तीनंतरही तो हातातून गेला नाही. "माणूस अर्धा पायरीवर असताना दुसरी बेल दिली तर काय व्हईल?" असं ते विचारत. बातमीचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमचं गाव पूर्णेच्या काठावर आहे. गावाच्या फाट्यावर एसटीचा निवारा आहे आणि त्याच्या आतल्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा. तो कुणी, कशासाठी केला होता, कुणाला आठवत नाही. नाना निवृत्त झाले आणि तो फळा त्यांचा झाला. सकाळच्या गाडीचे ड्रायव्हर शेखभाई, नानांचे जुने जोडीदार, परभणीहून दोन पेपर आणून देत. नाना दोन्ही वाचत. दोन्हींत जी बातमी सारखी असेल तीच फळ्यावर चढे, पांढऱ्या खडूनं, ठळक आणि सरळ अक्षरात. चार बातम्या, कधी पाच. एकाच पेपरात आलेली बातमी कितीही मोठी असली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबे. लोक हसत. "नाना, सगळ्या जगाला कळालं, तुमचाच फळा मागं ऱ्हायला." नाना म्हणत, "राहू दे. मागं ऱ्हायलेली गाडीबी पोचतीच की."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असे. तिच्यात नानांचं स्वतःचं मत, पिवळ्या खडूनं, आणि खाली सही. बातमी सगळ्यांची, मत माझ्या एकट्याचं, दोन्ही मिसळायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ती पिवळी चौकट वाचायला लोक मुद्दाम थांबत. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं तिसऱ्यांदा पक्ष बदलला तेव्हा नानांनी लिहिलं होतं, "ज्यांनी गाडी बदलली त्यांनी तिकीट नवीन काढावे. जुन्या तिकिटावर प्रवास चालणार नाही." त्या पुढाऱ्याची चार माणसं मोटारसायकलींवर आली. पुसा म्हणाली. नानांनी खडूचा डबा त्यांच्यापुढं धरला. "ह्याच्या खाली माझं नाव हाय. तुमचं मत येगळं असंल तर तुमीबी लिहा, जागा भरपूर हाय. फक्त खाली नाव टाका." चौघांनी रस्त्यापलीकडच्या भगवानच्या हॉटेलात चहा घेतला आणि ते निघून गेले. नाना नंतर बराच वेळ खिन्न होते. "मत सगळ्यांला हाय रे," ते म्हणाले, "नाव कुणालाच न्हाई."

यंत्रांवर त्यांचा राग नव्हता. तिकिटाचं मशीन आलं तेव्हा डेपोत सगळ्यात आधी तेच शिकले होते. त्यांना त्रास होई तो यंत्र आल्यावर माणसं कशी होतात त्याचा. भगवानच्या हॉटेलात पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा बसला, तेव्हा पिवळ्या चौकटीत आलं, "आता भगवान गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत नाही, डब्याकडे बघतो." भगवाननं वाचलं आणि दोन दिवस नानांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा स्वतः आणून देत म्हणाला, "घ्या, बघतो तुमच्या तोंडाकडं. काय लय देखणं हाय म्हणून?" टीव्हीवरच्या चर्चांबद्दल नानांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी एकदाच लिहिलं: "एका गाडीत सहा कंडक्टर. सहाही बेल मारतात. गाडी जागेवरच."

मी वाचायला शाळेत शिकलो हे खरं. पण रोज काहीतरी वाचायचं असतं, हे मला त्या फळ्यानं शिकवलं. आमच्या घरात पेपर यायचं काही कारण नव्हतं. वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला, आईही. घराण्यात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा, शिष्यवृत्तीसाठी कोणते कागद लागतात, हे मी नानांना विचारत असे, आणि नाना शेखभाईंमार्फत परभणीहून माहिती मागवून मला सांगत. अर्थात दोन ठिकाणी विचारून.

मी बी.ए. झालो तेव्हाची गोष्ट. मार्कमेमो घेऊन मी सरळ निवाऱ्यात गेलो. नानांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, गुडघ्यावर टिचकी मारली. "ही एक बेल झाली." मला राग आला. माझ्याच निकालाला बेल? दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव नव्हतं. नानाही नव्हते. ते आपल्या पासावर परभणीला गेले होते आणि कॉलेजच्या व्हरांड्यात लावलेल्या यादीत माझा नंबर शोधून आले होते. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या खडूत आलं, "आपल्या गावचे सुदाम हे बी.ए. उत्तीर्ण झाले. त्यांच्या घरातील ते पहिले पदवीधर होत." माझ्याविषयी 'हे' आणि 'ते' असं कुणी लिहिण्याची ती पहिली वेळ. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते फळ्यापुढं डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांनी भगवानला विचारलं, "ह्यात सुदामचं नाव कोणतं?" भगवाननं बोट लावून दाखवलं. संध्याकाळपर्यंत वडील तीन वेळा फाट्यावर जाऊन आले.

पुढं मी परभणीला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला लागलो. दिवाळीत आलो तेव्हा माझा जुना फोन नानांना दिला. त्यात व्हॉट्सॲप घालून दिलं. आता वाटतं, तो फोन मी देणं म्हणून दिला नव्हता. नाना मागं राहिलेत आणि आपण पुढं गेलोय, असं कुठंतरी मनात होतं. नानांनी तो मन लावून शिकून घेतला. महिनाभरानं मी विचारलं, कसा आहे फोन? ते म्हणाले, "चांगला हाय. फक्त ह्यात सगळ्या गाड्या एकाच फलाटावर लागतात. कोणती कुठं जायलीय कळत न्हाई."

तोवर फळा वाचणारे कमी झाले होते. निवाऱ्यात बसलेली माणसं माना खाली घालून आपापल्या हातात बघत. नाना लिहीत, खडूचा आवाज होई, कुणी वर बघत नसे. ते तरीही लिहीत. मी एकदा म्हणालो, "नाना, आता कशाला तकलीफ घेता? सगळ्यांना घरबसल्या कळतंय." त्यांनी खडूची बोटं पुसली आणि पुढची बातमी लिहायला घेतली.

भादव्यात सलग चार दिवस पाऊस होता. मी परभणीच्या खोलीवर होतो. एका कार्यालयातल्या लिपिकाच्या निवड यादीत माझं नाव आलं होतं आणि चारित्र्य पडताळणी व्हायची होती. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या अभ्यासाच्या ग्रुपवर एक संदेश आला. येलदरी धरणातून मोठ्या प्रमाणात पाणी सोडलं आहे, चार वाजेपर्यंत पूर्णाकाठ रिकामा करावा. खाली कुणाचं नाव नव्हतं. माझं घर नदीकडच्या खालच्या गल्लीत. आईवडील तिथंच. मी संदेश नानांना पाठवला आणि धाकट्या भावाला, बालाजीला पाठवला. पाठवण्यापूर्वी वर दोन शब्द माझ्या हातानं लिहिले: "खात्रीची बातमी". वडील साध्या निरोपानं घर सोडणारे नव्हते, हे मला माहीत होतं. म्हणून लिहिले. खात्री मी कुठंच केली नव्हती.

पुढचं मला बालाजीनं सांगितलं. नानांनी संदेश वाचला, बाकावर एक टिचकी मारली आणि थांबले. साडेबाराच्या गाडीची वाट पाहिली, तीही शेखभाईंचीच, त्यांना विचारता आलं असतं. पावसानं गाडी आली नाही. तेवढ्यात बालाजी ट्रॅक्टर घेऊन फाट्यावर आला. भगवानच्या हॉटेलात त्यानं आपला फोन सगळ्यांना दाखवला. माणसं म्हणाली, "असलं रोजच यायलंय. चहा पी." मग त्यानं तो नानांपुढं धरला, "बघा नाना, मलाबी आलंय." कोणाकडून आलंय ते त्यानं सांगितलं नाही, नानांनीही त्या दिवशी विचारलं नाही. दोन फोन, दोन माणसं, शब्द सारखे. दुसरी टिचकी पडली. नानांनी फळा पुसला आणि पांढऱ्या खडूनं पाण्याची बातमी लिहिली.

फोनवर ज्यांनी विश्वास ठेवला नव्हता ते फळ्यावर वाचून पळत सुटले. नानानं लिहिलंय, पांढऱ्यात लिहिलंय, एवढंच गल्लीगल्लीत सांगितलं गेलं. खालच्या गल्लीतली सगळी माणसं धान्य, शेळ्या, अंथरुणं घेऊन शाळेकडे चढायला लागली. चिखल होता. धुरपदाआजी, आमच्या घरापासून तिसरं घर, चढावर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला बाजेवर घालून वर नेलं.

चार वाजले, पाच वाजले. नदी होती तशीच होती. पाणी सोडलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात पोलीस जमादार आला. बातमी कुठून आली, हे त्याला हवं होतं. नाना निवाऱ्यातच बसले होते. त्यांनी सांगितलं, "हात माझा, खडू माझा. लिहिणारा मी हाय." जमादार म्हणाला, "तुम्हाला सांगितलं कोणी?" नाना म्हणाले, "ते मी सांगणार न्हाई. ज्यानं सांगितलं त्यानं फळ्यावर लिहिलं न्हवतं." जमादारानं वयाकडं बघून जबाब लिहून घेतला, समज दिली आणि गेला. आजीच्या मुलानं तक्रार दिली नाही. बालाजी तिथंच, ट्रॅक्टरला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. त्याला दोष देत नाही मी. तो माझ्यासाठी गप्प होता.

आदल्या संध्याकाळीच, बालाजीकडून सगळं कळल्यावर, मी नानांना फोन केला होता. "नाना, मी येतो, सांगतो सगळ्यांना," असं म्हणालो आणि लगेच पुढं म्हणालो, "फक्त माझी पडताळणी..." वाक्य पुरं झालं नाही. पलीकडं पाऊस ऐकू येत होता. मग नाना म्हणाले, "तू कामावर रुजू हो." आणि पुढं म्हणाले, "खात्रीची म्हणून लिहिलं होतंस. मला वाटलं, तू माझ्यापाशी वाढलास, दोन बेल घेतल्या असशील. बालाजीलाबी तूच पाठवलंस, व्हय?" मी हो म्हणालो. "म्हणजे दोन्ही बेल एकाच हातानं वाजल्या," ते म्हणाले. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नानांनी फळ्यावर लिहिलं, "काल येथे लिहिलेली पाण्याची बातमी खोटी होती. चूक माझी." पांढऱ्या खडूत. आणि आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या मजकुराखाली सही केली. पावसाच्या झडीनं अक्षरं फिकी होत, नाना सकाळी येऊन ती पुन्हा गिरवत. आठ दिवस त्या फळ्यावर दुसरं काही नव्हतं. नवव्या दिवशी सरपंचानं सांगितलं, नाना, आता बास करा, गावाची शोभा व्हायलीय. फळ्यावर पक्ष बदलणाऱ्या त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला गेला.

मी रुजू झालो. पगार सुरू झाला, आईवडिलांना पत्र्याचं घर बांधून दिलं. सुटीला गावी गेलो की नानांकडे जात असे. ते बहुतेक धुरपदाआजीच्या ओसरीवर सापडत. आजी काठी घेऊन दोन पावलं टाकायला लागली होती. नाना तिला दोन पेपर वाचून दाखवत. आजीला पेपरात रस नव्हता. एकदा माझ्यासमोरच ती म्हणाली, "नाना, मी काय वाचीत न्हाई, मला फोन न्हाई. लोकं म्हणली, नानानं लिहिलंय. म्हणून उठले. तुमी लिहिलंय म्हणल्यावर पाणी येणारच की." नानांनी पेपरची घडी केली. त्या क्षणी तोंड उघडायला मला काही अडचण नव्हती. माझी नोकरी पक्की होऊन वर्ष झालं होतं. तरी उघडलं नाही.

त्यानंतरचे नाना वेगळे होते. फोन त्यांनी जुन्या तिकिटांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला होता. कुणी काही सांगितलं तर टिचकी मारत नसत. कुणी म्हणे, अमका निवडून येणार, तमक्याला अटक होणार, फोनमध्ये नवीन काहीतरी आलंय, ते माणसाचा आवाज काढतं, मेलेल्या माणसाला बोलायला लावतं. नाना म्हणत, "असंल." एवढंच. ज्या माणसानं माझ्या मार्कमेमोवर विश्वास ठेवला नव्हता तो आता सगळ्यालाच "असंल" म्हणत होता. एकदा मी चिडून म्हणालो, "नाना, विचारा की, कोणी सांगितलं म्हणून!" ते म्हणाले, "कुणाला विचारू? आधी दोन पेपर म्हंजी दोन माणसं असायची. आता हजार फोन म्हंजी एकच माणूस. आन त्याचं नाव कुणालाच ठावं न्हाई." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "मला एकाचं ठावं हाय, म्हणून मला लय वाईट वाटत न्हाई." हे बोलून ते हसले. मला अजूनही त्या हसण्याचा अर्थ लावता येत नाही.

या माघात, कार्यालयात काम करत असताना बालाजीचा संदेश आला. नाना गेले. मी फोन टेबलावर ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, मी मधल्या बोटानं टेबलावर टिचकी मारली होती. एकच. मग भगवानला फोन लावला. तो नुसता रडला. ती दुसरी.

माती झाली, दिवस झाले. चौदाव्या दिवशी सकाळी मी निवाऱ्यात गेलो. फ्लेक्स फाटून एका बाजूनं लोंबत होता. तो उतरवला. नानांच्या घरून खडूचा डबा मागून आणला होता. अक्षर वाकडं आलं. "पाण्याची ती बातमी नानांना मी पाठवली होती. 'खात्रीची बातमी' हे शब्द माझे होते. नानांची चूक नव्हती." खाली पूर्ण नाव लिहिलं. आता यात माझं काही जाणार नव्हतं, हेही इथं लिहायला हवं. ज्या दिवशी जाणार होतं त्या दिवशी मी गप्प होतो.

सकाळच्या गाडीला थांबलेली माणसं जवळ आली. कितीतरी दिवसांनी माना वर झाल्या. कुणी म्हणालं, "आता सांगून काय उपयोग?" धुरपदाआजीचा मुलगा वाचून घराकडे वळला, बहुधा आईला सांगायला. भगवान चहाचं भांडं तसंच ठेवून रस्ता ओलांडून आला. त्यानं दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता फळ्याच्या कडेवर बोट आपटलं.

"ही एक बेल झाली," तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

ट्रॅक्टरजवळ उभा असलेला बालाजी पुढं आला. माझ्या हातातून खडू घेतला. "मलाबी ह्यानंच पाठवलं होतं. मी नानाला सांगितलं न्हाई," असं त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

तेवढ्यात गाडी आली. शेखभाई निवृत्त झालेत, ड्रायव्हर नवा होता, पेपर आणण्याचं त्याला काही कारण नव्हतं. माणसं गाडीत चढली. मी खडूचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिलो. नाना असते तर त्यांनी दुसरी टिचकी मारली असती, की नुसतं "असंल" म्हटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.